मेलेल्या वीराचा दिवा

बेशुद्ध पडलेला वीर दार उघडू शकतो का?

हा प्रश्न मला एका धडधाकट, कमावत्या, लग्न झालेल्या माणसाने विचारला होता. नाव देऊन, पत्ता देऊन, आणि खाली "कृपया लवकर कळवावे, आम्ही खोळंबलो आहोत" असं लिहून. खोळंबलेत म्हणे! चार मोठी माणसं पटाभोवती बसली आहेत, एकाची सोंगटी आडवी पडली आहे, आणि आडव्या सोंगटीने दार उघडावं की उघडू नये यावर सगळ्यांचा चहा गार होतोय. अरे बाबांनो, बेशुद्ध म्हणजे काय हे घरात कुणाला तरी विचारा की!

अशा लोकांना उत्तरं देणं ही माझी नोकरी. आमची कंपनी खेळ काढते. चित्रांचे तुकडे जोडायचे खेळ, लहान मुलांचे पत्ते, आणि 'पाताळवाट'. पाताळवाट म्हणजे एक भलंमोठं खोकं. त्यात जमिनीखालच्या भुयारांचा पट, हातात दिवा घेतलेल्या वीरांच्या सोंगट्या, राक्षसांच्या सोंगट्या, फासे, पत्त्यांचे गठ्ठे आणि एक जाडजूड नियमपुस्तिका. वीरांनी मिळून एकेक तळ खाली उतरायचं, राक्षस मारायचे आणि सगळ्यात खालच्या तळातून बाहेर पडायचं. एवढंच. पण नियम म्हटला की भल्याभल्यांची अक्कल चरायला जाते. सांगाड्याला विष चढतं का? चोराने स्वतःच्याच खिशात हात घातला तर ती चोरी धरायची का? झोपलेल्या राक्षसावरून उडी मारली तर तो जागा होतो का, आणि उडी मारणारा जाडा असेल तर? एक गृहस्थ तर न चुकता दर आठवड्याला लिहितात, कलमं आणि उपकलमं पाडून. ऑफिसात आम्ही त्यांना वकील म्हणतो. प्रत्यक्षात त्यांचं चष्म्याचं दुकान आहे, आणि त्या दुकानात गिऱ्हाईक फिरकत नसणार हे मी पैजेवर सांगतो.

माझी कामाची पद्धत ठरलेली आहे. प्रश्न आला की मी ताईला फोन लावतो. ताई, म्हणजे माझी मोठी बहीण, दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवते. फोन उचलला की आधी घासायच्या मशीनची घरघर ऐकू येते.

"ताई, सांगाड्याला विष चढतं का?"

"रक्त आहे का त्याला?"

"नाही."

"मग?" की फोन बंद.

मी लिहितो : 'खुलासा. सांगाडा या वर्गात मोडणाऱ्या राक्षसांच्या बाबतीत विषाचा परिणाम लागू होत नाही, याची खेळाडूंनी कृपया नोंद घ्यावी.' झालं. ताई काय, बोलून मोकळी होते. ते भाषेत बसवणं माझं, आणि ते सगळ्यांना जमत नाही. म्हणूनच नियमपुस्तिकेच्या शेवटच्या पानावर, अगदी तळाशी, 'खुलासे आणि दुरुस्त्या' असं छापलेलं आहे आणि त्यापुढे माझं नाव आहे. अक्षर बारीक आहे, पण मला हाव नाही. आईने ते पान वर येईल अशा बेताने पुस्तिका दर्शनी कपाटात उभी करून ठेवली आहे, पाहुणे आले की ती आपोआप तिकडे बोट करते.

झाकणावरचं नाव मात्र बारीक नाही. झाकणावर भाऊजी आहेत.

भाऊजी म्हणजे ताईचे यजमान. नळ, शॉवर आणि बेसिनं विकतात. आवाज असा की नळाचं वर्णन ऐकून माणसाला अंघोळ करावीशी वाटेल. त्या आवाजाच्या जोरावर त्यांचं आजवर निभावलं आहे, बाकी सगळा आनंदच. पाताळवाटेचे 'रचनाकार' म्हणून त्यांचा सत्कार होतो, लोक त्यांच्याबरोबर फोटो काढतात, आणि हे गृहस्थ मान तिरकी करून सांगतात, "काय आहे, अंधार मला लहानपणापासून बोलावत होता." अहो, घरात फ्यूज उडाला तर ताईला हाका मारतात!

खेळ ताईने केला. हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे, शेजाऱ्यांना माहीत आहे, भाऊजींनाही माहीत आहे. भाची लहान असताना तिचा पाय मोडला होता आणि मांडीपर्यंत प्लॅस्टर घालून ती पलंगावर अडकली होती. चिडचिड, रडारड, जेवणाची ताटं ढकलणं, सगळं चालू. ताईने औषधांची खोकी कापून भुयारं जोडली आणि लॅबमध्ये उरलेल्या मालाचे राक्षस केले. कवळीच्या हिरड्यांचा तो गुलाबी माल असतो ना, त्याचे. आमचे पहिले राक्षस गुलाबी होते आणि त्यांचे दात इतके खरे होते की भाची त्यांच्यासाठी ब्रश मागायची.

एकदा भाचीचा वीर मेला आणि तिने पट उधळून दिला. म्हणाली, मी आता नुसती बघत बसणार का? ताईने शांतपणे एकेक तुकडा गोळा केला, पट पुन्हा मांडला आणि म्हणाली, "तू मेलीस, पण तुझा दिवा तिथेच जळतोय. आता त्या दिव्याचा फासा तू टाकायचास. तुझा उजेड असेल तरच आम्हाला पुढचं दार उघडता येईल." त्या दिवसापासून तो नियम झाला. वीर मेला तरी त्याचा दिवा जिथे पडला तिथे जळत राहतो, आणि मेलेला खेळाडू खेळातच राहतो. पुढे सगळा खेळ ताईने त्या दिव्यावर उभा केला.

मीच म्हटलं, हे आमच्या मॅडमना दाखवू. मॅडम म्हणजे कंपनीच्या मालकीणबाई. ताईला त्या दिवशी लॅबमधून सुट्टी मिळेना, म्हणून खोकं घेऊन भाऊजी आले. आले, बसले, बोलले. 'आम्ही'पासून सुरुवात झाली आणि चहा येईपर्यंत गाडी 'मी'वर आली होती. मॅडमना खेळातलं ओ की ठो कळत नाही, त्यांना आवाज आवडला. रचनाकार म्हणून भाऊजींची सही झाली आणि ताईला हे कळलं ते पहिली आवृत्ती घरी आल्यावर.

तेव्हा ती भांडली नाही. तिचं म्हणणं एवढंच होतं की पुढच्या आवृत्तीत झाकणावर माझं नाव घाला. पैसे नकोत, फोटो नको, नाव घाला. भाचीसमोर म्हणाली, आईसमोर म्हणाली, माझ्यासमोर म्हणाली.

"अगं, ते काय सांगायला हवं?" भाऊजी म्हणाले. "घालू की!"

तर ती नवी आवृत्ती मध्यंतरी निघाली. भाऊजी स्वतः खोकं घेऊन घरी आले आणि त्यांनी ते ताईच्या ओट्यावर ठेवलं. मीही होतो. झाकणावर भाऊजी, अंगात काळा झगा, हातात मशाल, नजर दूर कुठेतरी. झगा कसला, त्यांच्याच दुकानातला बाथरूमचा पडदा दिसत होता. खाली त्यांचं नाव, आधीपेक्षाही मोठं.

ताईने हात पुसले. झाकण पाहिलं. खोकं उचलून चारी बाजू पाहिल्या, उलटं करून तळ पाहिला. आतले फासे गडगडले. मग ती माझ्याकडे वळली.

"छापायच्या आधी तू पाहिलं होतंस?"

"झाकण माझ्याकडे नसतं, ताई," मी म्हणालो. "माझ्याकडे फक्त आतली पुस्तिका." झाकणाचा कच्चा छाप माझ्या टेबलावरून गेला होता हे खरं, पण टेबलावरून दिवसभरात काय काय जातं! प्रत्येकाचं खातं वेगळं असतं. मी झाकणात नाक खुपसायला लागलो तर उद्या मला खोक्याचा डिंकही तपासायला लावतील.

"हं," ताई म्हणाली.

"अगं, राहून गेलं," भाऊजी म्हणाले. "छापखान्यात इतकी घाई! पुढच्या वेळी नक्की. ते जाऊ दे, आतलं बघ. शेवटचा हात मी स्वतः फिरवलाय या वेळी. जरा थरार आणलाय."

ताईने पुस्तिका उघडली. तिचं बोट ओळींवरून सरकत एका जागी थांबलं. तिने मोठ्याने वाचलं, "वीर मेला की त्याचा दिवाही विझतो, आणि तो खेळाडू खेळाबाहेर जातो."

"कसं वाटतं? अंगावर काटा येतो ना?"

"हे खेळून बघितलंत?"

"त्यात खेळून काय बघायचंय?"

ताईने पुस्तिका मिटली, खोक्यात ठेवली, झाकण लावलं आणि ओट्यावरची पोळ्यांची परात पुन्हा पुढे ओढली. चेहऱ्यावर रेष हलली नाही. मला वाटलं, नेहमीप्रमाणे गिळलं तिने. भाऊजींना तर काही वाटलंच नाही, ते आरशासमोर मशाल कशी धरली होती ते भाचीला दाखवत होते.

दुसऱ्या दिवशी मी फोन लावला. "ताई, चेटकिणीने वीराचा बेडूक केला तर त्याच्याकडची ढाल राहते का?"

मशीनची घरघर थांबली. "झाकणावर ज्याचं नाव आहे त्याला विचार."

"ताई, अगं..."

"आणि आता कामाच्या वेळात फोन करू नकोस." फोन बंद.

म्हटलं, दोन दिवसांत विरघळेल. कुठली विरघळते! मी तिच्या घरी गेलो, तर चहा दिला, आईची चौकशी केली, आणि मी खिशातून प्रश्न काढल्याबरोबर उठून कपडे वाळत घालायला गेली. शेवटी नाइलाजाने मी भाऊजींना विचारलं. भाऊजींनी डोळे मिटले आणि म्हणाले, "लिहा मेहुणे. ज्याची श्रद्धा अढळ, त्याची ढाल अढळ."

आता हे मी कसं छापू? बेडकाची श्रद्धा मोजायची कशी, फासा टाकून? सकाळी म्हणाले ढाल राहते, दुपारी म्हणाले ढाल पाण्यात बुडते, संध्याकाळी मला उलट विचारलं की आपल्या खेळात बेडूक आहे का. सांगाड्याच्या विषाचं कुणीतरी पुन्हा विचारलं, त्यावर त्यांचं उत्तर असं : "विष म्हणजे शेवटी काय, मेहुणे? कटुता." मी कपाळावर हात मारून घेतला. अकलेचे असे तारे रोज तोडले जात होते आणि मी ते गोळा करून, झाडून पुसून खुलासा म्हणून पाठवत होतो. लोक ते पाळत होते, हे त्याहून वाईट. एका गटाने म्हणे बेडकाच्या श्रद्धेसाठी वेगळा तक्ता केला. मूर्ख लेकाचे!

मग वकिलांचं पत्र आलं. या खेपेला उपकलमं नव्हती, चारच ओळी होत्या. तिसऱ्या तळाचं दार उघडायला दोन खोल्यांत एकाच वेळी उजेड लागतो. जिवंत वीरांना एकाच खोलीत राहावं लागतं. म्हणजे दुसऱ्या खोलीतला उजेड मेलेल्या वीराच्या दिव्याचाच असणार, आणि नव्या नियमाने तो विझतो. तेव्हा हे दार कधीच उघडत नाही आणि हा खेळ कुणालाच पूर्ण करता येत नाही, असं आम्ही समजावं काय?

मी पुस्तिका काढली, पानं उलटसुलट केली आणि पटावर मांडून पाहिलं. चष्मेवाला बरोबर होता. भाऊजींनी खरोखरच दिवे लावले होते. एका वाक्यात सगळ्या खेळाला कुलूप घालून टाकलं, आणि वर झगा घालून फोटो काढला.

खोकी परत यायला लागली. आधी ग्राहकांकडून दुकानांत, मग दुकानांतून आमच्या गोदामात. मॅडमना खेळ कळत नसला तरी परत आलेलं खोकं बरोबर कळतं. त्यांनी भाऊजींना आणि मला बोलावून घेतलं. त्यांच्या खोलीतल्या लांब टेबलावर पाताळवाट मांडून ठेवली होती. भिंतीवर आमच्या तुकडे-जोडणीच्या खेळांचे नमुने चौकटीत लावले आहेत, त्यातल्या एका घोड्याचं नाक कित्येक वर्षांपासून गायब आहे, पण ते कुणाला दिसत नाही.

"शुद्धिपत्रक उद्या छापायला गेलं पाहिजे," मॅडम म्हणाल्या. "प्रत्येक दुकानात पोचलं पाहिजे. रचनाकार तुम्ही आहात, तुम्ही सांगा, हे लिहून घेतील, खाली तुम्ही सही करा."

ही आमच्याकडची जुनी शिस्त. शुद्धिपत्रकाखाली रचनाकाराची सही असल्याशिवाय छापखानेवाला मशीनला हात लावत नाही. पूर्वी एकाच खेळाची दोन एकमेकांविरुद्ध शुद्धिपत्रकं बाहेर पडली होती म्हणे, तेव्हापासून.

भाऊजींनी घसा साफ केला. "दार म्हणजे, बघा, मॅडम, दार हे एक आव्हान आहे."

"हो, पण उघडतं कसं?"

"धैर्याने."

"अहो, धैर्याने म्हणजे पटावर नेमकं काय करायचं?"

भाऊजींनी पटाकडे पाहिलं, पटाने भाऊजींकडे. त्यांनी एक सोंगटी उचलली, ती राक्षसाची निघाली, ती परत ठेवली. मी कशाला मध्ये पडू? शांत बसून बघत होतो, आणि खोटं कशाला बोला, मजा वाटत होती. इतकी वर्षं या माणसाने टेंभा मिरवला आणि आम्ही मूग गिळून बसलो. मला राहवेना.

"मॅडम, खरं सांगू का?" मी म्हणालो. "यांना नाही माहीत. हा खेळ माझ्या ताईने केला आहे. उत्तर तिलाच विचारावं लागेल."

"मेहुणे!" भाऊजी ओरडले. "घरातल्या गोष्टी घरात!"

मॅडमनी आधी भाऊजींकडे, मग माझ्याकडे पाहिलं. "मग बोलवा त्यांना. गाडी पाठवते."

ताई आली ती लॅबच्या ॲप्रनवर. कोपरापर्यंत प्लॅस्टरची पांढरी भुकटी, डोक्याला फडकं. खुर्ची ओढून बसली, पटावर एक नजर टाकली आणि उलट्या मांडलेल्या दोन खोल्या सरळ केल्या. कुणी काही सांगायच्या आत.

"दुरुस्ती सांगते," ती म्हणाली. "पण मी सांगेन त्या क्रमाने छापायची. आणि त्यातलं काही गाळायचं नाही."

"गाळायचं कशाला?" मॅडम म्हणाल्या.

"बारक्या, लिही." मला घरात बारक्या म्हणतात, ऑफिसात हे आजवर कुणाला माहीत नव्हतं. मी कागद पुढे घेतला. "एक. झाकण. रचनाकार म्हणून जे नाव छापलं आहे ते चुकीचं आहे. त्या जागी माझं नाव वाचावं."

माझा हात आनंदाने भराभर चालला. वा रे ताई! भाऊजी ताडकन उठले.

"मॅडम, हा काय पोरखेळ आहे? शुद्धिपत्रकात खेळाच्या चुका येतात. नवरा-बायकोचे रुसवे नाही येत!"

"ते बरोबर आहे," मॅडम म्हणाल्या. "बाई, तुमचा मान मी समजू शकते, पण शुद्धिपत्रकात फक्त चुकाच येतात."

"मग ही चूक आहे की नाही ते तपासा," ताई म्हणाली. "अहो, तुम्हीच सांगा. तिसऱ्या तळाच्या दाराची किल्ली कुठे असते?"

भाऊजींचा चेहरा उजळला. प्रश्न एकदाचा त्यांच्या आवाक्यातला आला होता. "किल्ली ना? दुसऱ्या तळात! दगडी राक्षसाच्या गळ्यात!" आवाज सगळ्या खोलीत घुमला.

"मॅडम, पुस्तिका बघा," ताई म्हणाली. "या खेळात किल्ली नाही. एकही नाही. घरात पोरगी कड्यांना हात पुरत नाही म्हणून रडायची, म्हणून मी मुद्दाम कडी, कुलूप, किल्ली यातलं काहीच ठेवलं नाही. सगळी दारं उजेडाने उघडतात."

मॅडमनी पुस्तिका माझ्याकडे सरकवली. मी मान हलवली. नाहीच आहे किल्ली. भाऊजी खुर्चीत बसले, आणि बसताना त्यांच्या कोपराने दगडी राक्षस आडवा पडला. मला हसू आवरेना. मी खाली मान घालून खोकल्याचं नाटक केलं.

"ठीक आहे," मॅडम म्हणाल्या. "चूक आहे. लिहा."

"लिहिलंय," मी म्हणालो.

"दोन," ताई म्हणाली. "शेवटचं पान."

मी 'शेवटचं पान' एवढं लिहिलं आणि थांबलो. त्या पानावर छापखान्याचा पत्ता असतो, आवृत्तीचं साल असतं. "तिथे काय चुकलंय, ताई?"

"तळाला 'खुलासे आणि दुरुस्त्या' असं लिहिलंय. त्याच्यापुढे एक नाव आहे. ते चुकीचं आहे. तिथेही माझं वाचावं."

मॅडमनी पुस्तिका उलटी करून तळाची ओळ डोळ्यांजवळ नेली, मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"ताई, अगं काय बोलतेस?" मी म्हणालो. "यांचं ठीक आहे, पण मी? मी राब राब राबतो. इतकी वर्षं ही येड्यांची पत्रं कोण वाचतंय? आणि भाषा? भाषा तरी माझी आहे ना!"

"उत्तरं कुणाची?"

"उत्तरं तुझी, पण..."

"एक उत्तर तुझं सांग. एकच. सगळ्यात सोपं घे. बेशुद्ध वीर दार उघडू शकतो का, ते?"

मी तोंड उघडलं. आणि मला तो दिवस लख्ख आठवला. पत्र हातात, फोन कानाला, पलीकडे मशीनची घरघर. ताई म्हणाली होती, नाही उघडू शकत, पण तो दारात पडला असेल तर दार बंदही होत नाही. हे दुसरं मला सुचलं नव्हतं. पहिलंही मी विचारूनच लिहिलं होतं.

"झाकणाचा कच्चा छाप तुझ्या टेबलावर होता," ताई म्हणाली. आवाज चढवला नाही, ॲप्रनवरची भुकटी झटकत बोलत होती. "छापखानेवाल्याने मला सांगितलं. त्याच्या आईची कवळी माझ्याकडे होती. म्हणाला, तुमच्या भावाने बघून पुढे पाठवला."

"मेहुणे, आता बोला की," भाऊजी म्हणाले. इतका वेळ मेल्यासारखे पडले होते, आता त्यांच्या आवाजात जान आली होती. असल्या माणसाने माझ्याकडे बघून हसावं! मला त्यांचा इतका संताप आला की डोळ्यांत पाणी आलं, आणि ते संतापाचंच होतं.

"क्रम बदलायचा नाही, काही गाळायचं नाही, असं ठरलंय," मॅडम म्हणाल्या. "लिहा."

मी लिहिलं. माझं नाव खोडायला मलाच माझं नाव लिहावं लागलं.

"तीन," ताई म्हणाली, आणि टेबलावरची आडवी पडलेली सोंगटी तिने उभी केली. "वीर मेला तरी त्याचा दिवा विझत नाही. जिथे पडला तिथे जळत राहतो. त्या दिव्याचा फासा मेलेल्यानेच टाकायचा. बास."

नेहमीच्या सवयीने मी ते भाषेत बसवायला गेलो. 'मृत्यू पावलेल्या वीराच्या बाबतीत' असं सुरू केलं, खोडलं. 'याची खेळाडूंनी कृपया नोंद घ्यावी' असं शेवटी जोडलं, तेही खोडलं. भाऊजी बघत होते, मॅडम बघत होत्या. दुरुस्त करण्यासारखं काही सापडेना. ती जसं बोलली होती तसंच शब्दाला शब्द उतरवून घेतलं आणि कागद ताईपुढे सहीला सरकवला.

तिने खिशातून स्वतःचं पेन काढलं. सही करण्याआधी सगळं एकदा वाचलं, आणि दुसऱ्या ओळीत घाईत माझ्याकडून राहिलेला पूर्णविराम दिला.